आमदारसाहेबांची शेवटची गाय

माझे आजोबा एकदाच आमदार झाले, पण लातूरच्या आमच्या भागात शेवटपर्यंत त्यांना सगळे आमदारसाहेबच म्हणत. त्यांचा जीव मात्र आमच्याकडच्या देवणी जातीच्या गाईंत होता. वासरू झालं की ते आधी त्याचा रंग बघत. पूर्ण पांढरं असेल तर बालंक्या, तोंडाला काळं असेल तर वान्नेरा, अंगभर काळे डाग असतील तर शेवरा.

भूकंप झाला तेव्हा ते आमदार होते. माझा जन्म व्हायचा होता. दगडी भिंतींखाली माणसांबरोबर बैलही गेले होते आणि ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती. आजोबांनी एका गावाला आपला वळू दिला, तिथल्या गाई भरवायला, म्हणजे पुढे त्यांना घरचेच बैल मिळतील. पण कशासाठी दिला हे त्यांनी भाषणात सांगितलं नाही. दिलेल्या वस्तूला अटी घालणं त्यांना बरं वाटेना. काही महिन्यांनी त्या गावचे लोक आभार मानायला आले.

"साहेब, बैल लई गुणाचा निघाला. खच्ची केल्यापासून तर लेकरावानी चालतो औताला."

आजोबांनी त्यांना चहा पाजला. हे मला आईनं सांगितलं, त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तसा वळू पुन्हा मिळाला नाही, आणि गोठा हळूहळू रिकामा होत गेला.

मी बारावीला होते तेव्हा एकच गाय उरली होती, तीही म्हातारी. आजूबाजूला क्लासच्या मुलांसाठी होस्टेलं उभी राहिली होती. वडिलांना गोठ्याच्या जागी तेच बांधायचं होतं. शेवटी त्यांच्यात आणि आजोबांत ठरलं, गाय अजून एकदा भरवायची. देवणी वासरू झालं तर गोठा राहील.

गाय माजावर आली त्या दिवशी आजोबा उदगीरला एका मयतीला गेले होते. जनावरांचे डॉक्टर आले. पेटी उघडून म्हणाले, "देवणीचं इंजेक्शन संपलंय. जर्सीचं आहे."

"भरा," वडील म्हणाले. मग त्यांना मी दिसले. "तू जा, अभ्यास कर."

मी गेले. संध्याकाळी आजोबांनी चपला काढता काढता मला विचारलं, "देवणीचंच भरलं न्हं, माय?"

वडील समोरच बसले होते. मी "हो" म्हणाले. घरी पाहुणे आले की मी अशीच एका शब्दात सुटका करून घेत असे.

नऊ महिने आजोबांनी स्वतः गाईला वैरण घातली. क्लासमध्ये तेव्हा अनुवंशशास्त्र चालू होतं. रंग पुढच्या पिढीत कसा उतरतो याचे चौकोन मी वहीत अचूक भरत होते. खरं सांगायचं रोज ठरवत होते.

वासरू तपकिरी झालं. आजोबांनी गोणपाटानं त्याचं अंग कोरडं केलं, नाक पुसलं आणि त्याला गाईच्या सडाला लावलं.

"कालवड हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "तू व्हतीस न्हं त्या दिवशी घरी?"

"हो."

"मंग?"

मी ओलं गोणपाट उचलून बाहेर वाळत घातलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जेवताना वडिलांना एवढंच म्हणाले, "होस्टेल पोरींचं बांध. हिच्यावानी अभ्यासू पोरींला जागा न्हाई म्हणतेत गावात."

होस्टेल मुलींचंच झालं. गोठा होता तिथं आता अभ्यासिका आहे. मी तिथं कधी बसले नाही.