टेबलावर एकच पाकीट

शुभदा दामले रायफल चालवते, असं जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या मराठी मंडळात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग तिच्या नवऱ्याकडे, श्रीपादकडे, कीव आल्यासारखा बघतो. बघू दे बापडा. बायकोचं कौतुक करायची संधी श्रीपाद काही सोडत नाही. शंभर मीटरवरच्या कागदावर वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत शुभदाच्या गोळ्या कशा बसतात, हे तो इतकं रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याचे पोहे गार होतात.

शुभदा रंगांच्या प्रयोगशाळेतली केमिस्ट. शेजारच्या हाइनरने एकदा आपल्या श्युत्सेनफेराइनच्या, म्हणजे नेमबाजांच्या मंडळाच्या जत्रेला नेलं, केक खायला म्हणून. केक राहिला बाजूला, बाई नेमबाजीतच अडकल्या. पुढे एक जुनी स्वीडिश रायफल घेतली, तिच्या वडिलांपेक्षाही वयाने मोठी. मग कोर्स केला, परीक्षा दिली, सरकारी परवाना काढला आणि तळघरातल्या खोलीत स्वतःची काडतुसं स्वतः भरायला लागली. ध्यास एकच, राष्ट्रीय स्पर्धेत एकदा उभं राहायचं. दरवर्षी राज्याच्या स्पर्धेत थोडक्यात हुकायचं. यंदा साठी जवळ आलेली, डोळ्यांना रायफलच्या टोकावरची, नेम धरायची माशी नीट दिसेनाशी झालेली. जे व्हायचं ते यंदाच, असं तिने मनाशी धरलं होतं.

त्यात नेमकी टोपी बाजारातून गेली. टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसते ती इवलीशी धातूची वाटी. चाप ओढला की तिच्यावर मार बसतो, ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. शुभदाची नेहमीची टोपी कुठल्याच दुकानात मिळेना. दुकानदार म्हणाला, दुसरी घ्या, सगळ्या सारख्याच. शुभदाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या एका कंपनीच्या दोन जाती तिने आणल्या, एक साधी आणि एक जोराची. दोन्ही दिसायला हुबेहूब, मापही तेच. टोपी बदलली की दारूचं माप पुन्हा खालून सुरू करायचं, हा तिचा शिरस्ता. हिवाळाभर तिने तेच केलं. फेराइनमधले लोक गरम कोको पीत बसायचे आणि ही बाई बोटं फुंकत कागदावरची भोकं मोजायची. सगळ्यात सुरेख नेम लागला तो जोराच्या टोपीने. हाइनर म्हणाला, झालं तर मग. पण मे महिन्यातल्या उन्हात त्याच टोपीचं काडतूस उडवल्यावर रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत बंद करणारा दांडा, उघडायला जड गेला. म्हणजे उन्हाने आतला दाब धोक्याइतका वाढत होता. स्पर्धा तर जुलैत. शुभदाने ते अर्धं पाकीट सरळ दारू-टोप्यांच्या कपाटात मागे सारलं आणि साधी टोपी निवडली. नेम जरा कमी, पण हिवाळ्यात नि उन्हाळ्यात सारखीच वागणारी. मोहात न पडणं काय असतं ते श्रीपादने त्या दिवशी बघितलं.

आता श्रीपादचं ऐका. परवान्याशिवाय त्या कपाटाला हात लावायचा नाही, असा इथला कायदा. निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ कोर्सला जाऊन बसला, तरण्याताठ्या पोरांत, जर्मन पुस्तक मांडीवर घेऊन. बंदुकीची आवड? छे! दर शनिवारी बायको तळघरात एकटी बसते, तिच्या शेजारी आपल्याला बसता यावं, एवढ्यासाठी. पास झाला. शुभदाने टेबलाशी दुसरी खुर्ची मांडली आणि पहिला नियम सांगितला, टेबलावर एका वेळी एकच पाकीट. फेराइनमध्ये नव्या माणसाला ती हेच आधी पाठ करायला लावते.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ती कामावर असताना श्रीपादने कपाट आवरायला काढलं. दोन पाकिटं निघाली, दोन्ही अर्धी. घरात डाळीची अर्धी पाकिटं एका डब्यात करायचं काम वर्षानुवर्षं याचंच. हात सवयीने चालला. एकातल्या टोप्या एकेक करून दुसऱ्यातल्या रिकाम्या खाचांत नीट बसवल्या आणि रिकामं पाकीट जुन्या कागदांत टाकलं. जागा झाली म्हणून स्वतःवर खूश.

शुक्रवारी शुभदा स्पर्धेची काडतुसं भरायला बसली आणि पाकीट उघडून तशीच थांबली. हे भरलेलं कसं, असं तिने विचारलं. श्रीपादने मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"अहो, ही काय तूरडाळ आहे?"

तिने भिंग घेतलं, दिव्याखाली धरलं, ठेवून दिलं. कुठली साधी, कुठली जोराची, काही कळायला मार्ग नव्हता. दुकानात फोन केला, माल संपलेला. आधी भरलेली काडतुसं सरावात उडवून झालेली. मग वर जाऊन स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ती रडत होती, हे श्रीपादला जिन्यात ऐकू आलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

एका बाजूच्या टोप्या बहुतेक साध्याच आहेत, असं तो दाराबाहेरून चाचरत म्हणाला. ती म्हणाली, बहुतेक हा शब्द माझ्या टेबलावर चालत नाही. ते पाकीट तिने दुकानदाराकडे जमा केलं आणि येताना विकतची तयार काडतुसं आणली.

रविवारी ती त्यांनीच खेळली. रायफलला ती मानवली नाहीत. गोळ्या कागदभर विखुरल्या आणि शुभदाचं नाव यादीत पार खाली गेलं. राष्ट्रीय स्पर्धा हुकली. शेवटची गोळी संपेपर्यंत तिने खांदा ढळू दिला नाही की मान हलवली नाही. श्रीपादला मात्र बघवेना.

हाइनर धावत आला. ही तुझी काडतुसं नाहीत, तुझी कुठे गेली, असं त्याने सगळ्यांसमोर विचारलं. श्रीपादने कबुली द्यायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी शुभदा बोलली.

"माझ्या कपाटात नको असलेलं पाकीट राहिलं होतं. चूक माझी."

ज्या बाईने सगळ्यांना नियम शिकवला, तिने हे उभं राहून सांगितलं होतं. हाइनरने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॉफी आणायला गेला.

परतताना गाडी तीच चालवत होती. राईन नदीवरचा पूल आला तेव्हा श्रीपाद म्हणाला की परवाना परत करतो, कपाटाची किल्ली तू घे, हे माझं काम नव्हे.

"किल्ली ठेवा तुमच्याकडेच," ती रस्त्यावरून नजर न काढता म्हणाली. "नवीन माल आला की पहिलं पाकीट तुम्ही उघडायचं. आपल्याला पुन्हा खालून सुरू करायचंय."

श्रीपादने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. पूल संपला तरी तो पुसतच होता.