पाणचक्कीचं पीठ

बागेतल्या जुन्या पाणचक्कीपाशी आमचे हे थांबले, ते हलेनातच. पाण्याच्या धारेखाली चाक फिरत होतं आणि आत जात्यातून ज्वारीचं पीठ झरत होतं. ह्यांनी चिमूटभर उचललं, बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "काय वास आहे गं," म्हणाले. घरी ताटात काय वाढलंय तेही न बघता जेवणारा हा माणूस.

मी बाकावर बसून चाकाकडे बघत राहिले. त्याचंही काम माझ्यासारखंच, रोज तेच आणि तसंच. पण त्याच्याभोवती फुलं लावलीत, लोक तिकीट काढून येतात, त्याचा खडखडाट ऐकायला बोलणं थांबवतात. माझ्या भाकरी थापण्याच्या आवाजाने मात्र घरातल्या टीव्हीचा आवाज वाढतो.

निघताना ह्यांनी तिथलं पीठ विकत घेतलं. संध्याकाळी मी मुद्दाम घरच्या डब्यातल्या, कोपऱ्यावरच्या गिरणीतल्या पिठाची भाकरी केली. पहिल्या घासाला ह्यांनी डोळे मिटले.

"पाण्यावरच्या दळणाची चवच वेगळी."

मी दुसरी भाकरी थापायला घेतली, जरा जोरातच.