पाहुण्यांचे रुमाल

हुंगेरावांना पाहुण्यांचे चेहरे लक्षात राहत नसत, रुमाल राहत. शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रावर अभ्यासभेटीला येणाऱ्या मंडळींना ते चार वर्षं फिरवत होते. कुठल्या टप्प्यावर रुमाल वर जातो आणि कुठल्या टप्प्यावर खाली येतो, याचा नकाशा त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता.

फाटकातून आत आलं की पहिली लागायची जाळी. शहराने मोरीत आणि संडासात जे जे सोडून दिलं आणि विसरून गेलं, ते सगळं तिथे अडकून शहराची वाट बघत असायचं. इथे सगळे रुमाल नाकावर. पुढे वाळू बसवायच्या हौदापाशी रुमाल नाकावरच, पण पकड ढिली. मग हवेची टाकी. तिच्या तळातून ब्लोअरने हवा सोडलेली असते, पाणी खदखदत असतं आणि त्यातले जिवाणू घाण खात असतात. इथे वास जवळजवळ संपतो, रुमाल खिशात जातात. शेवटी निवळटाकी. तिथे गाळ खाली बसतो, स्वच्छ पाणी वरून नदीकडे जातं आणि पाहुणे फोटो काढतात.

रुमाल कुणाचा, हेही बघावं लागायचं. विद्यार्थी फाटकाबाहेरच नाक दाबतात, गंमत म्हणून. त्यांचा रुमाल जमेस धरायचा नाही. अधिकारी माणूस मात्र नाक झाकत नाही, हुद्द्याला शोभत नाही म्हणून. त्याने रुमाल काढला की समजायचं, वास खरा आहे.

एवढा अभ्यास करायचं कारण साधं होतं. हुंगेरावांना वास येत नव्हता.

हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना स्वतःला आणि बायकोला. बाकी सगळं केंद्र त्यांच्या नाकाची शपथ घ्यायला तयार होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ते गाळ उपसायच्या कामावर लागले आणि नाकाच्या जोरावर ऑपरेटर झाले. टाकीच्या कडेवर उभं राहून एक श्वास घ्यायचे आणि सांगायचे, ‘हवा कमी पडतेय, संध्याकाळपर्यंत बिघडेल.’ मीटरला तेच कळायला तीन तास लागायचे. म्हणून लोक त्यांना हुंगेराव म्हणू लागले. मूळ आडनाव पगारपत्रकात तेवढं उरलं.

मग चार वर्षांपूर्वी ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. हुंगेराव कामावर परतले, जाळीपाशी उभे राहिले, श्वास घेतला आणि त्यांना काहीच आलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा जाळीपाशी माणसाला बरं वाटावं अशी ती सकाळ होती. हुंगेराव मात्र जाळीवर आणखी वाकून पुन्हा पुन्हा श्वास ओढत राहिले.

घरी हे लपलं नाही. दूध करपून धूर झाला तरी नवरा शेजारी पेपर वाचत बसलेला बघून बायकोने ओळखलं.

‘‘अहो, नाक कुठे ठेवून आलात?’’

‘‘सर्दी आहे.’’

‘‘सर्दीला महिना झाला. डॉक्टरला दाखवा.’’

‘‘दाखवलं आणि त्याने लिहून दिलं तर? वास येत नाही म्हटल्यावर टाकीवर कोण उभं करेल मला?’’

बायकोने जास्त ताणलं नाही. लग्न झाल्यापासून तिने या नाकापायी बरंच सोसलं होतं. आमटी खाली लागायच्या आत त्यांना वास लागायचा, उशीचे अभ्रे ते हुंगून बघायचे, पाहुणे उठून गेल्यावर कुणाच्या मोज्यांना वास येत होता ते सांगायचे. ‘‘सासूबाई गेल्यापासून,’’ ती बहिणीला फोनवर म्हणाली, ‘‘घरात नाक मुरडायला एक जण उरला होता, तोही सुटला. फक्त गॅस मीच बंद करते हो आता.’’

वर्षाला एकदा केंद्रावर वैद्यकीय तपासणी व्हायची. डॉक्टर मान खाली घालून विचारायचे, ‘‘वास?’’ हुंगेराव म्हणायचे, ‘‘उत्तम.’’ डॉक्टर ‘उत्तम’ लिहायचे. चार वर्षं ‘उत्तम’ चाललं होतं.

गंमत अशी, की नाक गेलं आणि त्यांचं नशीब उघडलं. ताप उतरून पंधरा दिवस झाले असतील, केंद्रावर बाहेरून एक शिष्टमंडळ आलं. मोठे साहेब, म्हणजे केंद्राचे मुख्य अभियंता, माहिती देता देता जाळीपाशी श्वास रोखून निळे पडले. बाकीचे कर्मचारी तोंडं वाकडी करून उभे. एकटे हुंगेराव हसतमुख, हात मागे बांधून, कट्ट्यावर वाकून पाहुण्यांना सांगत होते, की हे केस, या चिंध्या आणि हा बहुधा कुणाचा तरी दात. शिष्टमंडळ गेल्यावर मोठे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘याला म्हणतात निष्ठा. शिका जरा.’’ दुसऱ्या दिवसापासून अभ्यासभेटी हुंगेरावांकडे.

ते त्यात रमले. घाणीबद्दल इतकं मन लावून बोलणारा माणूस पाहुण्यांनी बघितला नव्हता. आणि आता तर केंद्रावर नवीन अभ्यासभेट-कक्ष बांधून तयार होता. त्यात गोल फिरणारी खुर्ची होती आणि दारावर पाटीसाठी दोन खिळे मारलेले होते. ‘अभ्यासभेट अधिकारी’ असं पद मंजूर झालं होतं. मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता, ‘‘उद्घाटन नीट पार पडू दे, संध्याकाळी तुमच्या ऑर्डरवर सही करतो.’’ गाळ उपसत नोकरीला लागलेल्या माणसाला दारावर पाटी मिळणार होती. उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात हुंगेराव तीनदा त्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसून आले. एकदा फिरूनही बघितलं.

उद्घाटनाला खात्याचे सचिव येणार होते. नवीन कक्ष हवेच्या टाकीला लागून होता, म्हणून मांडवही तिथेच. अडचण ब्लोअरची होती. तीन ब्लोअर सुरू असले की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं, मग भाषण कसं ऐकू जाणार? मोठ्या साहेबांनी तोडगा काढला. कार्यक्रमापुरते ब्लोअर बंद. ज्या टाकीची महती सांगायची तिचाच श्वास कोंडून महती सांगायची, यात कुणालाच काही खटकलं नाही. दोन-तीन तास बंद राहिले तर बिघडतही नाही, हे हुंगेरावांनाही मान्य होतं.

त्या दिवशी ते नवा शर्ट घालून थेट फाटकावर उभे राहिले. सचिव आले, सोबत तीस पाहुणे आले आणि फेरी सुरू झाली. जाळीपाशी रुमाल वर. वाळूच्या हौदापाशी पकड ढिली. सगळं नकाशाबरहुकूम. हवेच्या टाकीपाशी आल्यावर हुंगेरावांनी सवयीने दोन पावलं मागे सरून खिसे बघितले.

एकही रुमाल खिशात गेला नाही. ज्यांनी वाटेत आत घातले होते त्यांनी पुन्हा बाहेर काढले. एका बाईंनी पदर दोनदा दुमडून नाकाला लावला. आणि सचिवांनी, ज्यांनी जाळीपाशीसुद्धा नाकाला हात लावला नव्हता, त्यांनी मिशी नीट करण्याच्या निमित्ताने बोटं नाकाखाली धरली ती काढलीच नाहीत.

हुंगेरावांनी माहिती अर्धवट सोडून टाकीकडे बघितलं. टाकी सपाट, तेलकट पडली होती. दोन-तीन तासांच्या बंदने ती सपाट होते, पण सचिवांचा हात नाकाशी जात नाही. पाहुणे खुर्च्यांवर बसले तसा त्यांनी शिफ्टच्या ज्युनियर इंजिनियरला बाजूला घेतलं. हवेचा मीटर सहा महिन्यांपासून दुरुस्तीला गेलेला होता, त्यामुळे नोंदवही हाच पुरावा.

‘‘ब्लोअर कधी बंद केले?’’

‘‘नऊला. वहीत लिहिलंय की.’’

‘‘वास बघा केवढा.’’

‘‘हुंगेराव, गटाराच्या प्लांटवर काय अत्तर येणार?’’ ज्युनियर हसला. त्याला खरोखरच वेगळं काही जाणवत नव्हतं. दिवसभर त्याच वासात वावरणाऱ्या माणसाचं नाक दहा मिनिटांत संपावर जातं. पाहुण्यांची नाकं ताजी होती, पण काय असायला हवं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं त्याला नाक नव्हतं.

हुंगेराव ब्लोअरच्या खोलीत गेले. फिटर स्टुलावर बसून नखं कापत होता.

‘‘खरं सांग. कधी बंद झाले?’’

‘‘माझं नाव नका घेऊ, काका. काल संध्याकाळी पाचला. माइकवाला आवाज तपासायला आला होता, ज्युनियरसाहेबांनी बंद करायला लावले. मग म्हणाले, सकाळी परत बंदच करायचेत, राहू दे.’’

अकरा वाजले होते. अठरा तास. हुंगेराव पुढे निवळटाकीवर गेले. तिथे वास घ्यायची गरजच नव्हती. तळातला गाळ कुजून फुगला होता, चपलेएवढे काळे लगदे वर येत होते आणि कडेवरून सांडून नदीच्या वाटेला लागत होते. नदी पुढे ज्या गावांना जाते, ती गावं तिचं पाणी पितात.

मोठे साहेब मांडवाच्या कडेला हातातला कागद घोकत उभे होते. हुंगेरावांनी सगळं सांगितलं.

‘‘तीनपर्यंत हात लावायचा नाही,’’ साहेब कागदावरून नजर न काढता म्हणाले. ‘‘भाषणं, फीत, जेवण. मग करा सुरू.’’

‘‘साहेब, तीनपर्यंत टाकी मेली म्हणून समजा. पुन्हा बसायला तीन आठवडे. आणि सगळी घाण नदीत.’’

साहेबांनी मान वर केली. ‘‘तुम्हाला येतोय वास? तुमच्या नाकाला? सांगा, तुमचं नाक खोटं बोलत नाही.’’

‘येतो’ म्हटलं असतं तर चाललं असतं. चार वर्षं डॉक्टरांसमोर तेच म्हटलं होतं.

‘‘पाहुण्यांना येतोय,’’ हुंगेराव म्हणाले.

‘‘पाहुण्यांचं सोडा. आज तुमच्या पाटीचा दिवस आहे. आपलं नाकासमोर चाला.’’

मांडवात सचिव बोलायला उभे राहिले. हुंगेरावांनी एकदा कक्षाच्या दाराकडे, त्या दोन खिळ्यांकडे बघितलं. मग ते ब्लोअरच्या खोलीत गेले. फिटर त्यांना बघताच उठला आणि ‘‘मी जरा पाणी पिऊन येतो’’ म्हणून निघून गेला. हिरवं बटण त्यांनी स्वतः दाबलं. पहिला ब्लोअर, मग दुसरा, मग तिसरा.

सचिव ‘‘या केंद्राची खरी ओळख म्हणजे’’ इथपर्यंत आले होते. पुढची ओळख कुणाला कळली नाही. त्यांचे ओठ हलत राहिले. आपलं कुणी ऐकत नाही याची त्यांना इतक्या वर्षांची सवय होती, त्यामुळे त्यांनी बोलणं थांबवलं नाही. त्यांना थांबवलं ते टाकीने. अठरा तास कोंडलेलं सगळं हवेबरोबर एकदम वर आलं. पाणी काळं खदखदलं आणि तीस रुमाल, पदर, निमंत्रणपत्रिका एका क्षणात नाकावर गेल्या. सत्कारासाठी आणलेली शाल सचिवांनी स्वतःच उचलून तोंडावर धरली. ज्युनियर खुर्च्या ओलांडत पळाला. मोठे साहेब, ज्यांनी या केंद्रावर पंधरा वर्षं पाहुण्यांसमोर कधी नाक झाकलं नव्हतं, तेही टायचं टोक नाकाला लावून वाकले.

त्या गर्दीतून एकच माणूस उलट दिशेने येत होता. हात मागे बांधून, चेहऱ्यावर समाधान घेऊन हुंगेराव टाकीच्या कडेकडेने बुडबुडे बघत चालले होते. चारही कोपऱ्यांत हवा पोचतेय का ते बघत होते. मोठ्या साहेबांशी नजरानजर झाली तेव्हा साहेब टायमागून जोरात ओरडले, पण सूर विचारण्याचा होता.

‘‘हुंगेराव, तुम्हाला... काहीच होत नाही?’’

नाक झाकायला हवं होतं, हे हुंगेरावांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी घाईने रुमाल काढला. तो चार वर्षं इस्त्रीच्या घडीत होता तसाच होता.

टाकी संध्याकाळपर्यंत सावरली. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर करून हुंगेरावांचं नाक तपासलं. हुंगेरावांना आठवड्याने नोटीस आली. ‘वास न येणाऱ्या कर्मचाऱ्याने वास येत असल्याच्या कारणावरून यंत्रे सुरू करून मान्यवरांच्या भाषणात व्यत्यय आणला, याचा लेखी खुलासा करावा.’ हुंगेरावांनी खुलासा लिहिला : ‘मला वास येत नाही. पाहुण्यांना येत होता. मी पाहुण्यांचे रुमाल बघितले.’ चौकशी समितीने हे वाचून शेरा मारला, की उत्तर असमाधानकारक व उद्धट आहे. नऊ की पाच, हा प्रश्न समितीपुढे आलाच नाही. वहीत नऊ होते.

अभ्यासभेट अधिकारी म्हणून ज्युनियरची नेमणूक झाली. त्याला पाहुण्यांसमोर बोलता येत नाही, पण नाक आहे, असं प्रमाणपत्र आहे. हुंगेरावांची ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ भांडारात बदली झाली. आणि पुन्हा असा प्रसंग येऊ नये म्हणून समितीने एक ठोस उपाय सुचवला. ब्लोअरबद्दल नव्हे. यापुढे प्रत्येक पाहुण्याला फाटकावर गुलाबाच्या वासाचा मास्क द्यावा.

‘‘म्हणजे आता सगळं केंद्रच तुमच्यासारखं झालं म्हणा की,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि तुम्ही काय करणार भांडारात?’’

‘‘मास्क वाटणार.’’

तेच करतात ते. भांडाराची खिडकी हवेच्या टाकीसमोर उघडते. भेटीची यादी सकाळी येते, हुंगेराव मास्क मोजून पिशवीत घालतात आणि सही घेतात. चाळीस पाहुणे असले तर एकोणचाळीस. पंचवीस असले तर चोवीस. ज्युनियर दर वेळी खिडकीशी येऊन वैतागतो.

‘‘हुंगेराव, परत एक कमी! मोजता येत नाही का तुम्हाला?’’

‘‘वय झालं हो. विद्यार्थ्यांना पुरवा सगळे. सोबत जे मोठे अधिकारी असतील ना, त्यांना म्हणावं, आज जरा रुमालावर भागवा.’’

मग ते स्टूल खिडकीपाशी ओढून घेतात आणि टाकीकडे बघत बसतात. त्या बिनमास्कच्या साहेबांचा रुमाल खिशात गेला की खिडकी लावतात.