चार बोटं बार

ठासणीच्या बंदुकीचं एक बरं असतं. ती भरायला इतका वेळ लागतो, की बार उडेपर्यंत एक किस्सा सांगून होतो आणि उडाल्यावर दुसरा तयार होतो! त्यामुळे आमच्या वडपे नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर किश्श्यांना कधी तोटा नाही.

आमची चौकडी म्हणजे पीकसंरक्षणाचा परवाना असलेली, आजोबांच्या काळातली बंदूक सांभाळणारी शेतकरी मंडळी. आता शेतं उरलीत कुठे? सगळीकडे गोडाऊन उभी राहिली. मी स्वतः त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. आमचे म्होरके बाळारामकाका. त्यांची सगळी जमीन गेली, गोडाऊनच्या भिंतीमागे भाताची एक पट्टी तेवढी राहिली. पण काकांचा जीव त्या पट्टीत. कारण पट्टीत भात असेल तरच पीकसंरक्षणाचा परवाना, आणि परवाना असेल तरच बापाची बंदूक घरात! "भात गेलं तं बंदूक गेली, बाला," काका म्हणतात, "आन् बंदूक गेली तं मना बाप दुसऱ्यांदा मेल्यासारका हाय."

भातात घुसणारं रानडुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते, त्या फंदात आम्ही पडत नाही. आवाज काढून हुसकावतो. तरीही दारू किती आणि वर काय ठासायचं, यावर आमच्यात रोज भांडण!

* * *

बार मोजायची आमच्याकडची पद्धत बोटांची. नळीत दारू ओतायची, वर काथ्या, वर छर्रे, आणि गजाने ठासायचं. मग गज नळीबाहेर किती बोटं राहतो, तेवढा बार.

पहिल्यांदा वडिलांची बंदूक माझ्या हातात आली तेव्हा काकांना विचारलं, किती भरू? "चार बोटं."

मी माझी चार बोटं मोजून भरली. तिन्हीसांजेला चाप ओढला. फुस्स! डुकराने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भात खायला लागलं.

"त्याला वाटलं तू शिंकलास," काका म्हणाले. मग त्यांनी स्वतःची चार बोटं मोजून भरून दिली. काकांचं एक बोट म्हणजे माझी दोन! बार असा उडाला की डुक्कर पळालं, गोडाऊनचा वॉचमन पळाला, आणि मी चिखलात उताणा.

घरी खांदा सुजलेला बघून बायकोने बामची डबी आणली आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती लावू? तुमचं एक बोट की काकांचं?"

* * *

काथ्या मिळेना, म्हणून काका एकदा धामणकर नाक्यावर अन्सारीभाईंकडे गेले. अन्सारीभाईंचे कापड विणायचे लूम, आणि काकांशी जुनी दोस्ती. काकांनी चिंध्या मागितल्या.

"क्या करोगे काका?"

"बंदूक में ठासेगा."

अन्सारीभाईंनी प्रेमाने पिशवी भरून दिली. सगळं पॉलिस्टर! पहिल्याच बाराला ते वितळलं आणि नळीला आतून चिकटून बसलं. गज घालून ओढलं, गरम पाणी ओतलं, काही उपयोग नाही. काका तणतणत बंदूक घेऊन थेट लूमवर.

अन्सारीभाईंनी नळीत डोकावून बघितलं. गज फिरवून बघितला. मग अभिमानाने कारागिरांना हाक मारली, "आओ रे, देखो अपना माल! निकलता ही नहीं!"

* * *

आमचे विठ्ठलमामा छर्ऱ्यांचे दुश्मन. त्यांचं म्हणणं, डुकराच्या कानावरून काहीतरी सूंऽऽ करत गेलं पाहिजे, पण त्याला लागता कामा नये. ऐन कापणीत त्यांनी डोकं चालवलं आणि बारात वाल भरले. कडवे वाल! सलग चार संध्याकाळी मामांनी शेतभर बार उडवले.

भात कापून झालं, जमिनीत ओल होतीच. थोड्या दिवसांत बघतो तर मामांच्या खाचरात जिकडेतिकडे वालाचे कोंब!

मामी बांधावर उभी राहून बघत राहिली. म्हणाली, "पेरनी झाली बंदुकीनं. आता येचायला तोफ आना."

* * *

काकूंचा किस्सा सांगायलाच हवा. पावसाळ्यात दारू सादळली, म्हणून काकांनी ती सुपात घालून ओटीवर उन्हात ठेवली. शेजारच्या सुपात काकूंची मशेरी. काकू दुपारी उठल्या, चिमूटभर घेतली आणि दात घासायला बसल्या. चव वेगळी लागली, पण त्यांना वाटलं तंबाखू बदलला असेल!

काका आले, सूप बघितलं, काकूंचे काळे दात बघितले आणि तोंडातली बिडी थेट हौदात टाकली.

काकू अजून सांगतात, "चाळीस वर्सं बोंबलत व्हती, बिडी सोडा. त्या दिसाला येका शब्दात सुटली, तीबी मी न बोलता!"

* * *

आणि हा गेल्या निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आम्हीही केल्या. नेमकं भात पोटरीत आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. काकांनी थाळ्या वाजवल्या, डबे बडवले, बुजगावण्याला स्वतःचा सदरा घातला. डुकरं काय ऐकतात? एका पहाटे पट्टी साफ! उभं म्हणून एक ताट राहिलं नाही.

आणि त्याच आठवड्यात परवान्याच्या नूतनीकरणाची चौकशी! पोलीस ठाण्याचे साहेब पीक बघायला येणार. काकांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. आम्हाला त्यांच्याकडे बघवेना. मामा म्हणाले, माझ्या शेतातलं भात उपटून लावूया. काका म्हणाले, "न्हाय. खोटं भात लावून बापाची बंदूक नको मना."

साहेब आले. माणूस तसा चांगला, पण नियमाचा पक्का. चिखलात उठलेले खुरांचे ठसे बघत सगळी पट्टी फिरले. आम्ही बांधावर उभे. काकू पदर तोंडाला लावून उभ्या.

शेवटी साहेब म्हणाले, "काका, पीकसंरक्षणाची बंदूक तुमची, आणि पीक सगळं डुकरांच्या पोटात. मग त्या बंदुकीचा उपयोग काय? परवाना द्यायचा तरी कशासाठी?"

काकांनी हळूच विचारलं, "साहेब, महिना झाला, बंदूक तुमच्याकडंच हाय ना?"

"हो. ठाण्यातच आहे. मग?"

"ठाण्यात आलं का येक तरी डुकार?"