त्या डिश मी फेकल्या

सुलभा मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. इतरांनी त्यांच्या या गौरवाच्या पुस्तकात चांगलंच लिहिलं असेल, आणि ते खरंही आहे. मी सातवी शिकलेली, मला लांबण लावता येत नाही.

नारायणगावच्या बाजारात मी टोमॅटो निवडायचे. मॅडम क्रेटमधले टोमॅटो दाबून बघायला लागल्या. मी ओरडले, "ओ बाई, दाबू नका! सडका एकबी नाय त्यात." त्यांनी अख्खं क्रेट उलटं केलं. एकही सापडला नाही. "असे हात मला हवेत," म्हणाल्या, आणि मला ओतूरच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायला नेलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवून सूक्ष्मदर्शकातून कॅन्सरच्या पेशी दाखवल्या. पेशी वाढवायच्या चपट्या डिशच्या तळाला चिकटलेल्या जिवंत, तरंगणाऱ्या मेलेल्या. आपल्या पेशींत राखणदार प्रथिनं असतात, हे त्यांनीच समजावलं. पेशी बिघडली की ती तिची वाढ थांबवतात. दुरुस्ती होत नसेल तर 'जगत राहा' हा निरोपच तोडतात, मग पेशी मरते. कॅन्सरमध्ये राखणदारच मोडतो. त्याला पुन्हा कामाला लावणारं औषध मॅडमची विद्यार्थिनी रेश्मा तपासत होती.

एका शनिवारी तिच्या डिशमध्ये सगळ्या पेशी तरंगताना दिसल्या. माझे हात बाजारातले. नासलं, फेका! ब्लीच ओतून मोकळी झाले. पण औषधानं त्या मरायलाच हव्या होत्या. तोच तिचा निकाल होता.

सोमवारी रेश्मा रडत होती. "मॅडम, शनिवारी मी बघितल्या, खरंच मेल्या होत्या हो!" बाकीचे कुजबुजले, निकालच नव्हता, म्हणून हिनंच डिश गायब केल्या. मॅडमनी मला विचारलं. मी म्हणाले, "मला नाय म्हाईत."

मॅडमनी एकट्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला, शेजारी बसून सगळं पुन्हा करून घेतलं. पुन्हा पेशी मेल्या. पण पहिल्या वेळी खोटं बोलली, हा तिच्यावरचा डाग गेला नाही. ती ओतूर सोडून गेली.

हा लेख मागितला तेव्हा मी मॅडमना सांगितलं.

"सात वर्षांनी?"

"लाज वाटत व्हती. माफ करा."

"माफी माझ्याकडे कसली मागता इंदूबाई? हेच लिहा."

"तुमच्या गौरवाच्या पुस्तकात?"

"त्यातच. पहिली प्रत रेश्माला जाणार आहे."

दुसऱ्या दिवशी माझा चहा नेहमीसारखा त्यांच्या कपाशेजारी होता. तो तसाच ठेवून मी हे लिहायला बसले.

रेश्माताई, त्या डिश मी फेकल्या. तुमी खरं बोलत व्हता.

मॅडम, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. रेश्मा ताठ मानेनं ओतूरला परत आलेली तुम्ही बघावी.

— इंदूबाई, महाळुंगे पडवळ