लूमवरचा हार

गोदामात दसऱ्यासाठी झेंडू आणले की त्या वासाने मला कामतघरचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आठवतो. शेठने आमचा कित्येक महिन्यांचा पगार थकवला होता आणि विचारलं की रोज उद्याचा वायदा. एके सकाळी त्याने आम्हा कारागिरांपुढे घण टाकले आणि म्हणाला, "माझ्याकडं पैसं न्हाय. लूम फोडून भंगारात घाला, त्यातनंच तुमचा पगार." एरवी खटखटाटाने कान बधिर करणारी ती शेड त्या दिवशी इतकी गप्प होती की पंख्याची घरघर ऐकू येत होती. माझ्या लूमवर मागच्या दसऱ्याचा हार तसाच होता, सुकलेला, तेलाने काळा पडलेला. शिफ्टला उभं राहताना लूमला हात लावून कपाळाला लावायची माझी सवय; घण उचलण्याआधीही हात आपसूक गेला. शेठ खेकसला, "पाया काय पडतो? टेम्पो उभा हाय बाहेर!" शेजारच्या लूमवरचे चाचा "हमसे नहीं होगा" म्हणत बाहेर जाऊन बसले. माझं खोलीभाडं थकलं होतं, मी घण मारला. लूमची ओतीव बिडाची चौकट तडकली तेव्हा खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. संध्याकाळी अर्धामुर्धा पगार हातात पडला. चाचांच्या पगाराचं विचारलं, तर शेठ म्हणाला, "त्यानं लूम फोडला कुठं?" आता मी गोदामात माल स्कॅन करतो. दसऱ्याला साहेब स्कॅनच्या मशिनला हार घालायला सांगतात. हार मी घालतो. हात कपाळाला लावत नाही.