अव्वानं न्हाऊ घातलेली समस्त मंडळी

चिमणाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. फोटो आधार कार्डावरचा, त्यामुळं म्हातारी फोटो काढणाऱ्यावर डाफरत असल्यासारखी दिसत होती. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली, एरवी जिथं दादा-भाऊंच्या नावांची रांग असते तिथं, एकच ओळ होती: 'शोकाकुल – अव्वानं न्हाऊ घातलेली समस्त मंडळी.'

नात पूर्णिमा सात महिन्यांचं पोट सांभाळत ती ओळ वाचत उभी राहिली आणि एवढ्या रडारडीत तिला हसू फुटलं. बाराव्याला तर कहरच झाला. पिळदार मिशांचे बाप्ये, एक हवालदार, एक बँकेतला साहेब, ज्याला त्याला तेच सांगायचं होतं. "मलाबी अव्वानंच न्हाऊ घातलंय की!" जणू कुठली पदवीच घेतली होती.

अव्वा, म्हणजे चिमणाबाई, नेसरीची. तिकडं कानडी मुलूख जवळ, म्हणून आईला, आजीला अव्वा म्हणायची रीत. सोळाव्या वर्षी ती लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि एक्याण्णवाव्या वर्षी इथूनच गेली. नवरा गुळाच्या अडतीत कामाला होता, तो लवकर वारला. मग दोन म्हशी आणि एक मुलगा, बाळासो, एवढा तिचा संसार. म्हशींची धार काढून झाली की अव्वा पदर खोचायची आणि ज्या घरात बाळंतीण असेल तिथं जायची. आधी बाळंतिणीला तेल लावून शेकायची, मग बाळाला आंघोळ, मग ओव्याची धुरी. बाळ झोपेपर्यंत चहाला हात लावायची नाही. घेतला तर तेवढा चहाच. कुणी साडी दिली तर ती दोन दिवसांत दुसऱ्या कुठल्या तरी बाळंतिणीच्या अंगावर दिसायची, आणि देणारीला ते मुकाट बघावं लागायचं.

जात-पात, घर-दार तिनं कधी विचारलं नाही. मागं मोठा पूर आला, तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती. पूरग्रस्तांना शाळेत आणून ठेवलेलं, त्यात तीन बाळंतिणी होत्या. अव्वानं हेडमास्तरांच्या खोलीत शेगडी पेटवली. हेडमास्तर काही बोलायला गेले, तर म्हणाली, "मास्तर, तुमची खुर्ची जरा भाईर न्या, मला पाय पसराय जागा हवी."

तिची एक सवय मात्र सगळ्यांना चमत्कारिक वाटायची. बाळ ती स्वतः कधी उचलायची नाही. पाय पसरून बसायची, दोन्ही हात पुढं करायची आणि आईनं बाळ तिच्या हातात द्यायचं. आई झोपली असली तर तिला उठवायची, पण पाळण्यात हात घालायची नाही.

पूर्णिमा दोन वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून तिला अव्वानंच वाढवलं. पुढं शिक्षण, नोकरी, लग्न झालं आणि चौतिसाव्या वर्षी दिवस राहिले. अव्वा म्हणाली होती, "हिचं बाळ मी पायावर घेतल्याबिगर जात न्हाय." आयुष्यात तिनं मोडलेला हा एकच शब्द असावा.

मुलगी झाली. पूर्णिमा माहेरीच होती. सासूबाई गगनबावड्याला, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वडील, म्हणजे बाळासो, पाणी तापवून देण्यापुरते हुशार. म्हणाले, "बाई लावूया." एक बाई आली, ती फोन कानाखांद्यात धरून बोलत बोलतच बाळ उचलायला वाकली. पूर्णिमानं तिला चहा पाजून वाटेला लावलं आणि सोळाव्या दिवशी स्वतःच बाळाला पायावर घेतलं.

तेल लावलेलं ते एवढंसं अंग. एका क्षणात नडगीवरून घसरलं. दंड हातात सापडला म्हणून बरं, डोकं फरशीच्या वर जेमतेम वीतभर राहिलं होतं. बाळाला काही झालं नाही. झालं ते पूर्णिमाला. तिच्या हातांना कापरं भरलं ते जाईना. त्यानंतर बारा दिवस ती बाळाला नुसत्या ओल्या फडक्यानं पुसत होती. डॉक्टर म्हणाले, चालतंय. पण बाळाच्या मानेच्या वळ्या लाल झाल्या, ते दिवसभर किरकिरायला लागलं, आणि पूर्णिमाच्या मनानं घेतलं की आपण आई व्हायच्या लायकीच्याच नाही. अव्वाच्या हातून शेकडो बाळं गेली आणि मला माझं एक सांभाळता येत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी समोरच्या धोंडुबाई आल्या. वय चौऱ्याहत्तर, कंबर गेलेली, आवाज मात्र शाबूत. "पोरगी का किरकिरतीया? न्हाऊ घातलं न्हाईस?"

पूर्णिमानं सगळं सांगितलं आणि रडायलाच लागली. "मावशी, अव्वाचा हात मला आला न्हाय ओ."

"अव्वाचा हात!" धोंडुबाई भिंतीला टेकून बसल्या. "आमचा गणपत बघितलास न्हवं? त्याच्या भुवईवर खोक हाय. कशाची ती?"

"पडला असंल लहानपणी."

"अव्वाच्या पायावरनं पडलाय. धा दिवसांचा हुता."

पूर्णिमाचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"तवा ती नवीनच जात हुती घरोघरी. चार-पाच बाळं झाली असतील. साबण लागला आन सटाकला पोरगा न्हाणीच्या दगडावर. रगात बघून अव्वा जी पळाली ती घरात जाऊन बसली. तीन दिवस भाईर न्हाय, पोटात अन्न न्हाय. म्हशींच्या धाराबी शेजारणीनं काढल्या. चौथ्या दिवशी मी गेलो पोराला घिऊन. कच्ची बाळंतीण, सासू आरडत हुती मागनं. अव्वा कोपऱ्यात बसलेली. तिच्या मांडीत पोरगा ठेवला आन म्हटलं, ऊठ, पाणी तापीव."

"आणि तिनं घेतलं?"

"न्हाय म्हणत हुती. हात थरथरत हुते, तुझे आत्ता थरथरत्यात तसंच. मी म्हटलं, मी दितोय न्हवं? मग घे. त्या दिसापासनं आईनं हातात दिल्याबिगर तिनं कुठलं बाळ घेतलं न्हाय."

पूर्णिमानं वडिलांना हाक मारली आणि पाणी मागितलं. पाय पसरले. तेल या वेळी जरा कमीच लावलं. धोंडुबाई पाळण्यापाशी गेल्या, कण्हत वाकल्या, बाळ उचललं आणि पूर्णिमाच्या हातात दिलं. मदतीला पुढं मात्र झाल्या नाहीत, दोन्ही हात पदराखाली घेऊन नुसत्या बघत राहिल्या. बाळानं गल्ली गोळा होईल असा टाहो फोडला. पूर्णिमाचे हात कापत होते, पण धरलेलं सुटत नव्हतं. पाठीवर कोमट धार पडली तसं बाळ एकदम गप्प झालं.

दुपट्यात गुंडाळून, धुरी देऊन तिनं बाळाला पाळण्यात टाकलं आणि सरळ धोंडुबाईंचे पाय धरले. आजवर अव्वामुळं म्हणून जे जे तिला मिळालं होतं, तिचं स्वतःचं पहिलं न्हाणंसुद्धा, ते सगळं या बाईनं गल्ली ओलांडली म्हणून होतं. "मावशी, तुमचं लई उपकार हाईत. तवा तुमी तिला पुन्हा बाळ दिलं नसतं तर..."

"पाय सोड गं. उपकार कसले?" धोंडुबाई खेकसल्या. "तीन दीस पोरगं न्हायलं न्हवतं, अजिबात निजत न्हवतं. मला झोप पायजे हुती, म्हणून दिलं."

पूर्णिमा हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं हे तिला कळत होतं आणि लपवावंसंही वाटत नव्हतं. पाळण्यात बाळ तोंड उघडं टाकून झोपलं होतं.

"आता तूबी नीज," धोंडुबाईंनी पाळण्याची दोरी हातात घेतली. "मी बसतो हितं."

अव्वा गेल्यापासून पहिल्यांदाच पूर्णिमा गाढ झोपली.